पुढच्या खेपेला

हळद शिजायला लागली की तिचा वास हिंगोलीभर फिरतो. वाफेचा, ओल्या मातीचा, जरा कडवट, जरा गोडसर. आमच्या कॉलनीत शेत नाही की चूल नाही, तरी मार्चमध्ये संध्याकाळचं वारं सुटलं की तो स्वयंपाकघराच्या जाळीतून आत येतो. आई निवडत असलेली डाळ ताटात तशीच ठेवते आणि म्हणते, "शिजाया लागली बघ." कुठं, कुणाची, हे तिला ठाऊक नसतं. मलाही नसतं. माझे ते पेपर तपासायचे दिवस असतात. मी शाळेत मराठी शिकवते आणि हातात लाल पेन असताना मला कशाचाही व्यत्यय चालत नाही. पण या वासाला मी काही बोलत नाही.

हा वास आला की मला आमचं हट्ट्याचं घर आठवतं आणि घरासमोर उभा असलेला आबांचा ट्रक. आबा म्हणजे माझे वडील. पुढं लांब नाक असलेला तो जुना ट्रक होता. आताच्या ट्रकांना नुसतं तोंड असतं, नाक नसतं. समोरून भिंत चालत आल्यासारखी वाटते. आबांच्या ट्रकला नाक होतं, नाकाच्या दोन्ही बाजूंना फुगीर गाल होते, आणि दोन दिवे जरा दूर दूर बसवलेले असल्यामुळे तो कायम कशानं तरी चकित झाल्यासारखा दिसायचा. हळदीच्या दिवसांत तो गावात असला की आम्ही पोरं शाळेतून येऊन आधी त्याच्या नाकावर चढायचो. पत्रा उन्हानं असा तापलेला असायचा की बसल्याबरोबर उठावं लागे. तरी चढायचो.

तेव्हा हळद मोठ्या काहिलीत शिजायची. वरून गोणपाट टाकलेलं, खाली कापसाच्या पऱ्हाट्यांचा जाळ, आणि गोणपाटाच्या कडेनं पिवळट वाफ. मग अंगणात, खळ्यावर, रस्त्याच्या कडेला, जिथं जागा मिळेल तिथं ती वाळत पडायची. वाळून खडखडली की पोती भरायची. हट्ट्याची, शिरड शहापूरची, आजूबाजूच्या वाड्यांची हळद घेऊन आबा सांगलीला जायचे. जाताना हळद, येताना गूळ, कधी बेदाणे. परत आले की त्यांच्या भुवया पिवळ्या, कानाच्या पाळ्या पिवळ्या. आंघोळीचं पाणी मोरीतून पिवळं वाहायचं आणि शेजारची काकू आईला चिडवायची, "नवरदेव आला गं बाई तुझा, हळद लागून." आई पदर तोंडाशी धरून आत जायची.

आईची एकच इच्छा होती आणि ती घरात सगळ्यांना माहीत होती. तिला त्या ट्रकमध्ये पुढं, आबांच्या शेजारी बसून सांगलीला जायचं होतं. देवदर्शनाला नाही, खरेदीलाही नाही. दसऱ्याला त्या ट्रकच्या नाकावर कुंकू लावायची ती, चाकाखाली लिंबू ठेवायची ती, आणि आत मात्र तिनं कधी पाय ठेवला नव्हता. परभणी, गंगाखेड, अंबाजोगाई, बार्शी ही वाटेवरची नावं तिला तोंडपाठ होती, कारण आबा कुठं पोचले असतील याचा हिशेब ती भाकऱ्या थापताना करायची. शाळेत भूगोलाच्या तासाला मी ही नावं धडाधड सांगितली तेव्हा गुरुजींनी विचारलं, कुणी शिकवलं? मी म्हटलं, आईनं. गुरुजींना वाटलं, बाई शिकलेली दिसते.

ती विचारायची तेही घाबरत घाबरत. "येऊ का मी ह्या टायमाला?" आबा नाही म्हणायचे नाहीत. कधीच नाही. ते म्हणायचे, "पुढच्या खेपेला."

हा शब्द मी नंतर खूप ऐकला. ड्रायव्हर लोक तो फार सहज वापरतात. टायर बदलायचंय, पुढच्या खेपेला. बहिणीला भेटायचंय, पुढच्या खेपेला. त्यांच्या आयुष्यात खेप संपली की दुसरी लागलेलीच असते, त्यामुळे पुढची खेप ही त्यांना अगदी दारात उभी दिसते. आबांना तर ती दिसतच होती, असं मला वाटतं. त्यांनी आईला टोलवलं नाही. फक्त प्रत्येक खेपेला काही ना काही निघायचं. कधी व्यापाऱ्याचा माणूस सोबत असायचा, कधी आजी आजारी, कधी माझा ताप.

एका हंगामात मात्र नक्की ठरलं होतं. आईनं दशम्या केल्या, दुधात कणीक भिजवून, दोन-तीन दिवस टिकतील अशा. हिरवं लुगडं काढलं. आम्हाला काकूकडं ठेवायचं ठरलं. आणि पोती भरून होतात न होतात तोच आभाळ भरून आलं. अवकाळी. हळदीवर पाणी पडलं की संपलंच. त्यामुळे सगळी धावाधाव, ताडपत्र्या, ओरडाआरडा. शेजारच्या गावातले दोन शेतकरी आपल्या मालासोबत येतो म्हणून केबिनमध्ये चढून बसले. त्यांना उतरा कोण म्हणणार? आबांनी चढता चढता आईकडं पाहिलं आणि हातानंच खूण केली, नंतर. ट्रक वळणावर दिसेनासा झाला. आईनं लुगडं बदललं आणि दशम्या आम्हाला वाढल्या. फार छान झाल्या होत्या त्या. मी तीन खाल्ल्या आणि अजून एक मागितली. लहान असताना माणूस किती आनंदानं दुसऱ्याचं दुःख खातो.

पुढं मोठे ट्रक आले, नाक नसलेले. आबांच्या ट्रकला माल कमी मिळू लागला. मग तो विकला. मग आबा थकले आणि काही वर्षांपूर्वी गेलेही. आई माझ्याकडं हिंगोलीला आली. सांगलीचा विषय तिनं परत काढला नाही. पण टीव्हीवर सांगलीच्या पुराची बातमी लागली तेव्हा ती उठून अगदी पडद्याजवळ जाऊन उभी राहिली होती.

कनेरगाव नाक्याला जुन्या ट्रकांचा मेळा भरतो हे मला एका जुन्या विद्यार्थ्यानं सांगितलं. हळद विकून झाली, लोकांचे हात मोकळे झाले की वाशीम रस्त्यावरच्या एका ढाब्यामागच्या रिकाम्या वावरात हे सगळे जमतात. कुणी बोलावत नाही, कुणी पावती फाडत नाही. नाकवाले ट्रक, लाकडी केबिनचे ट्रक, हँडल फिरवून चालू होणारे ट्रक. त्या मुलानं मोबाइलवर गेल्या वर्षीच्या मेळ्याचा व्हिडिओ पाठवला होता. मी तो आईला दाखवला, नुसती गंमत म्हणून. आईला अक्षरओळख नाही, पण आकडे कळतात. धूळ, माणसं, रंगीत नाकांची एक रांग, असं सगळं पडद्यावरून सरकत होतं आणि आई एकदम म्हणाली, "थांब. मागं घे."

मी मागं घेतलं.

"ही आपली गाडी हाय. शेवटाला दोन साते. काहून बघून राहिली माझ्याकडं? तिच्याकडं बघ."

मी विद्यार्थ्याला फोन केला. त्यानं चौकशी केली. गाडी खरंच तीच होती. सेनगावकडच्या एका तांड्यावरच्या रामधन राठोड यांनी ती भंगारात जाता जाता सोडवून आणली होती. या वर्षीही ते येणार होते. आईनं आठवडाभर गुडघ्यांना तेल चोळलं. पायरी किती उंच असते हे तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं, आणि चढता येईल का एवढी एकच काळजी तिच्या तोंडावर दिसत होती. मलाही तीच लागली. शेजारी बसायला आबा नव्हते. निदान जागा तरी तिला मिळायला हवी होती.

रविवारी सकाळी माझ्या छोट्या गाडीतून निघालो. गाडी मीच चालवते. ट्रकवाल्याची मुलगी आहे, नवऱ्याला मागं बसवते.

मेळ्यात पोचलो आणि मला हसू आवरेना. लग्नाचा वाढदिवस विचारला तर डोकं खाजवतील असे पुरुष तिथं कुठल्या साली नाकाची जाळी उभी होती आणि कुठल्या साली आडवी झाली यावर हमरीतुमरीवर आलेले. एक डॉक्टर पांढऱ्या रुमालानं दिव्याची काच पुसत होते; त्यांच्या ट्रकनं त्यांच्याकडं आल्यापासून एक पोतंसुद्धा उचललं नसेल. एक आजोबा हँडल घालून इंजिन फिरवायला वाकले की आजूबाजूचे सगळे श्वास रोखायचे, आणि ते धडधडून चालू झालं की लग्नात अक्षता पडल्यासारख्या टाळ्या. भोंग्यांचीही चढाओढ चालली होती. कनेरगावची कुत्री आधी भुंकली, मग कंटाळून ढाब्याच्या सावलीत जाऊन झोपली. ढाब्यावर शेवभाजी रटरटत होती. पण थोडा वेळ फिरल्यावर माझं हसू कमी झालं. हे लोक बोनेटवर हात ठेवून बोलत होते, बैलाच्या पाठीवर ठेवतात तसा, आणि ज्याच्याशी बोलायचं त्याच्याकडं न बघता. प्रत्येकाचं कुणीतरी त्या केबिनमधून गेलेलं होतं. कुणाचे वडील, कुणाचा मोठा भाऊ, कुणाची स्वतःची तिशी.

आपला ट्रक आईनं लांबूनच ओळखला. मी नसता ओळखला; व्हिडिओतल्या धुळीत मला फक्त ते दोन साते दिसले होते. आबांच्या वेळचा तो मातकट, पोचे पडलेला रंग जाऊन तो आता गर्द निळा झाला होता, नाकावर पांढरी रेघ, फाळक्याला नवी लाकडं. मी वाकून त्या लाकडांचा वास घेतला. वॉर्निशचा आला. इतक्या हंगामांची हळद त्या जुन्या फळ्यांच्या फटीत बसलेली होती, ती फळ्यांबरोबर गेली. मला त्या अनोळखी माणसाचा उगाच राग आला.

मागं गेले तर आणखी एक धक्का. आमच्या ट्रकच्या मागं वसमतच्या पेंटरनं मोठ्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'आईचा आर्शिवाद'. तो रफार चुकीच्या जागी चढलेला होता आणि वेलांटीही गडबडलेली. तेवढ्यासाठी मी मुलांचा अर्धा गुण कापते आणि वर्गात फळ्यावर तीन वेळा लिहून घेते. पण आबांचा ट्रक म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढं ते चुकलेलं अक्षरच येतं. आता तिथं अगदी शुद्ध 'आईचा आशीर्वाद' होता.

"आमच्या पोरीनं बदलायला लावलं," मागून आवाज आला. रामधनभाऊ. पांढरी मिशी, डोक्याला रुमाल, हसरे. "ती म्हणे, बापू, मेळ्यात शिकलेले लोक येऊन राहिले, चुकीचं घेऊन काहून जाता? चांगलं केलं का न्हाई, म्याडम?"

मी मराठीची शिक्षिका. काय बोलणार? म्हटलं, "बराबर केलं."

आई ट्रकच्या नाकापाशी उभी होती. हात लावला नव्हता अजून. मी ओळख करून दिली तसे रामधनभाऊ दोन्ही हात जोडून वाकले. "मावशी, तुमच्या घरची लक्ष्मी हाय ही. आमचे आजे-पणजे बैलांवर मीठ लादून मुलूखभर फिरायचे. बैल गेले. मग म्या म्हटलं, आपल्या दारात एक तरी वझं वाहणारी पाहिजे. भंगारवाला पत्रा कापायला बसला व्हता, त्याच्या हातातून घेतली."

आई म्हणाली, "भाऊ, मला आत बसायचं व्हतं."

एवढंच म्हणाली. चार माणसांत, परक्या पुरुषाला, सरळ. मी आयुष्यात तिला काही मागताना ऐकलं ते आबांकडं, आणि तेही 'येऊ का' म्हणून. रामधनभाऊंना आमची गोष्ट माहीत नव्हती, पण त्यांनी का म्हणून विचारलं नाही. ढाब्यावरून एक बाज आणवली, बाजेवर पाट ठेवला. एका बाजूनं मी, दुसऱ्या बाजूनं त्यांची बायको. आईचा पहिला पाय पायरीवर गेला आणि गुडघ्यानं दगा दिला. ती परत बाजेवर बसली. तिच्या कपाळावर घाम आला होता. "ऱ्हाऊ दे," मी म्हटलं, आणि लगेच जीभ चावली. रामधनभाऊंची बायको माझ्याकडं बघून म्हणाली, "काहून ऱ्हाऊ दे? व्हतंय की." तिनं आईच्या काखेत हात घातला, काहीतरी त्यांच्या बोलीत पुटपुटली आणि पुन्हा एकदा रेटा दिला. आई वर होती.

डावीकडची जागा. खिडकीजवळची. मी मध्ये कशीबशी टेकले. आईनं आधी समोर पाहिलं, मग दाराची कडी चाचपली, मग पदर नीट केला. लांब निळं नाक पुढं पसरलं होतं आणि त्याच्या पलीकडं वाशीमचा रस्ता. "लई उंच दिसतं इथून," ती म्हणाली. "मानसं लहान दिसत्यात." तिचा चेहरा इतका मोकळा मी कितीतरी वर्षांत पाहिला नव्हता. मला रडू आलं आणि मी ते येऊ दिलं.

"चला, पुलापतोर एक चक्कर मारू," असं म्हणून रामधनभाऊंनी सेल्फ दाबला.

मग जे झालं त्याची मला कल्पना नव्हती. मी त्या ट्रकच्या नाकावर वाढले, पण चालू ट्रकमध्ये आबांनी मलाही कधी बसवलं नव्हतं. बाहेरून इंजिन धडधडताना ऐकणं वेगळं. आत तो आवाज पायातून, दातातून, पाठीतून यायचा. पत्रा खडखडत होता, काच खडखडत होती, गिअर बदलला की खालून लोखंड किंचाळल्यासारखं व्हायचं. रामधनभाऊ मला काहीतरी सांगत होते. ओठ हलताना दिसले, शब्द एकही नाही. त्यांनी हातवारे करून पुढचा पूल दाखवला. मी मान डोलावली.

पैनगंगेच्या पुलाजवळ आई काही बोलली. मी कान जवळ नेला. परत बोलली. मला नाहीच कळलं. तिसऱ्यांदा तिनं माझा दंड धरला आणि ती ओरडली, माझी आई, जिचा आवाज शेजारच्या खोलीत कधी गेला नाही ती. "काईच ऐकू येत न्हाई गं इथं!"

परत येऊन रामधनभाऊंनी इंजिन बंद केलं तेव्हा कानात नुसतं घुमत होतं. ते उतरून गेले. आई बसूनच राहिली. हात मांडीवर ठेवलेले.

"मला वाटायचं," ती म्हणाली, "सांगलीपतोर निवांत बोलता येईल. घरी कुठं बोलणं व्हायचं? सासू, जावा, लेकरं. त्यांच्यासंग बसून दोन शब्द बोलले असं कधी झालंच न्हाई. म्हणून यायचं व्हतं मला. सांगली काय करायची व्हती." मग म्हणाली, "अन् इथं बसून काय बोलली असती? त्यांना काई ऐकूच आलं नसतं."

मी तिचा हात धरला.

"खेपेहून आले की ते वराडून बोलायचे. पाणी आण, लेकरं कुठं हायेत, सगळं वराडून. मी समजायची, रागात हायेत, वाटेत तकलीफ झाली आसंल. मंग मी गपच ऱ्हायची. तोंडातल्या तोंडात व्हय, न्हाई करायची." तिनं इंजिनाच्या बाजूला बोट दाखवलं. "बाई गं. दिसन्दिस ह्याच्यात बसल्यावर मानूस हळू बोलंल तरी कसा?"

मला आठवलं. अंगणात खाटेवर बसून आबा मोठ्यानं काहीतरी विचारायचे, आई आतून हळू उत्तर द्यायची, आणि ते पुन्हा तेच विचारायचे. आम्हाला वाटायचं, ते चिडलेत. त्यांना ऐकूच आलेलं नसायचं. ते तिचं बोलणं ऐकायला थांबलेले असायचे आणि आम्ही सगळे त्यांच्यापासून दूर पळायचो.

उतरताना आईला फारसा त्रास झाला नाही. रामधनभाऊंच्या बायकोनं विधवा-सवाष्ण असलं काही न बघता तिची ओटी भरली, नव्या हळकुंडांनी. ढाब्यावर आम्ही चहा घेतला आणि उन्हं कलायच्या आत निघालो.

माझ्या गाडीत आई शेजारी बसली. नाका मागं पडला आणि ती बोलायला लागली. आमच्या खळ्यावरची हळद एका वर्षी कशी सोन्यासारखी उतरली होती. म्हैस व्याली तेव्हा घरात एकही पुरुष नव्हता. माझा पहिला दात पडला तो मी छपरावर टाकायचं सोडून गिळला. आजीनं शेवटी काय म्हटलं. त्या दशम्यांत गूळ जरा जास्तच झाला होता. आबा खेपेवर असताना घडलेलं, त्यांना सांगायचं राहून गेलेलं सगळं. आणि हे सगळं ती ओरडून सांगत होती, मान माझ्याकडं वळवून, एकेक शब्द तोडून. सिग्नलला शेजारचा मोटरसायकलवाला वळून बघायला लागला. 'आई, मला ऐकू येतंय' असं माझ्या अगदी ओठावर आलं होतं.

मी खिडकीची काच वर केली आणि तिला बोलू दिलं.